तो पॉज नव्हता, बाळाराम

बाळाराम, परवा तुझी शोकसभा झाली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. खुर्च्या कमी पडल्या, लोक जिन्यात उभे होते, तुला आवडलं असतं. फोटो मात्र अगदी टुकार निवडलेला. रिक्षाच्या परमिटसाठी काढलेला, तोच मोठा करून आणलेला, त्यात तुझं नाक आणखी पसरलेलं. फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाचा घरात एक धड फोटो सापडू नये, आता याला काय म्हणायचं? तिथेही दुसऱ्यांचेच काढत बसलास.

बोलायला खूप जण होते. मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यातला तुझा जोडीदार फिटर बोलला. रिक्षा स्टँडवरचे दोघे बोलले, टेंभी नाक्याच्या मंडपाचं काम तुझ्याबरोबर करणारा एक सुतार बोलला, स्टुडिओवाल्या सुमनताई बोलल्या आणि मध्येच रडायला लागल्या. एखादा परका येऊन मागे बसला असता तर त्याला वाटलं असतं, डोंबिवलीत एकदम पाच-सहा माणसं गेली आहेत. आणि प्रत्येक जण फिरून फिरून शेवटी त्या पॉजवर यायचा.

तोच. जानेवारीतल्या ठाण्याच्या प्रयोगातला. म्हाताऱ्या पोस्टमास्तरची, म्हणजे तुझी, मुलगी बारा वर्षांनी घरी येते, दारात उभी राहते, आणि तू तिला विचारायचं असतं, "तुझी आई गेली तेव्हा तू कुठे होतीस?" त्या वाक्याआधी तू नुसता उभा राहिलास. काहीच बोलला नाहीस. अख्खं थिएटर श्वास धरून बसलं. मग ते वाक्य आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या थांबेनात. परवा एकाने तो पॉज वीस सेकंदांचा केला, दुसऱ्याने अर्ध्या मिनिटाचा. असाच चालू राहिला तर वर्षभरात पाच मिनिटांचा होईल. मी मोजलेला. अकरा सेकंद.

सगळ्यांचं झाल्यावर माझं नाव घेतलं. "त्या प्रयोगाचे प्रॉम्प्टर, बाळारामचे जिवलग मित्र, आपले टायपिंग क्लासचे मास्तर." मी उठलो, माइकपर्यंत गेलो, म्हणालो, "मला बोलता येणार नाही," आणि परत येऊन बसलो. लोकांना वाटलं गहिवर आला. शेजारच्याने पाठीवर हात ठेवला. गहिवर वगैरे काही नव्हतं, मला लाज वाटत होती. त्या माइकवर खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची छाती नव्हती. म्हणून आता क्लास सुटल्यावर हे टाइप करतोय. जे सांगायचंय ते तुलाच सांगायचंय, आणि सांगायला उशीर केलाय हे मला माहीत आहे, तू नको सांगूस.

तू पहिल्यांदा आलास तो माझ्या क्लासचा बोर्ड रंगवायला. ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. मी नवीन जागा घेतलेली, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पहिला मजला, पंधरा मशिनं, मराठी आणि इंग्रजी. तू शिडीवर चढून खडूच्या दोरीने रेघा मारल्यास आणि मग ब्रश तसाच हातात धरून थांबलास. मी खालून ओरडलो, काय झालं? तू म्हणालास, "मास्तर, ही सगळी मशिनं एकदम बंद पडली की कसं वाटतं?" मी म्हटलं, डोकं दुखायचं थांबतं. तू हसलास. "नाय हो, त्या थांबण्यात पण आवाज असतो. ऐका एकदा." मला वाटलं, पेंटर जरा सर्किट आहे. माझं मत आजही तेच आहे.

बोर्ड झाल्यावर पिशवीतून एक वही काढलीस. नाटकाचं हस्तलिखित. तीन कॉपी टाइप करून हव्या होत्या, कार्बन लावून. तुझं अक्षर इतकं सुरेख की मला वाटलं नाटकही तुझंच. नव्हतं ते तुझं. कोणा मित्राने लिहिलेलं, त्याचं अक्षर कोणाला लागत नाही म्हणून तू अख्खं उतरवून काढलेलंस. दिवसभर कारखाना, संध्याकाळी बोर्ड, आणि वर हे. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस घातक आहे. याच्या जवळ गेलो की आपण पण असल्या कामाला लागणार.

लागलोच. टाइप करता करता नाटक मला पाठ झालं. प्रयोगाच्या आधी तुमच्या प्रॉम्प्टरला गालगुंड आलं, आणि तू वर आलास, क्लास चालू असताना, मला हाताला धरून खाली नेलंस. विंगेत स्टूल दिलंस. "मास्तर, बोलायचं काय नाय, बघत बसायचं. कोण अडकला की दोन शब्द द्यायचे." तेव्हापासून चौदा वर्षं मी विंगेत स्टुलावर बसलो. ते पहिलं स्टूल माझंच होतं, क्लासमधलं. पुढे ते तू कुठल्यातरी शाळेच्या गॅदरिंगला देऊन टाकलंस, ते परत आलं नाही, हा विषय वेगळा.

शब्द कोणीही देईल, बाळाराम. कधी द्यायचा नाही हे कळायला वर्षं जातात. नट गप्प झाला की तो मुद्दाम गप्प आहे का त्याचं डोकं कोरं झालंय, हे एका श्वासात ओळखावं लागतं. पॉजमध्ये शब्द दिला तर नट खून करायला धावतो. विसरल्यावर नाही दिला तर तो उभा मरतो. बाकीच्यांचं ओळखायला मला वेळ लागला. तुझं पहिल्या वर्षीच कळलं. तू विसरलास की तुझा उजवा अंगठा तर्जनीवर घासला जायचा. हळूच, मांडीपाशी. लहानपणी बापाबरोबर मिठागरात जायचास, मीठ कसं पडलंय ते चिमटीत धरून बघायची सवय, ती हाताने सोडलीच नाही. मुद्दाम थांबायचास तेव्हा तो हात दगड. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. सांगितलं असतं तर तू हात खिशात घालून फिरला असतास आणि माझी पंचाईत केली असतीस.

आपली भांडणं किती झाली. एकच भांडण, खरं तर, चौदा वर्षं चाललेलं. मी म्हणायचो, तू एक गोष्ट पुरी करत नाहीस. कारखान्यात दोघांतला एकच पर्मनंट होणार होता, साहेबाने तुझं नाव काढलेलं, तू त्याला जाऊन सांगितलंस की दुसऱ्याला घ्या, त्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त आहेत. मग कल्याणला स्टुडिओ टाकलास. जरा जम बसतोय, लग्नाच्या ऑर्डरी यायला लागल्यात, तोच सुमनताईंचा नवरा गेला. तू त्यांना चार महिने कॅमेरा शिकवलास आणि दुकानाच्या किल्ल्या देऊन बाहेर पडलास. मग रिक्षा. मग टेंभी नाक्याला नवरात्राचे देखावे, तिथे प्लॅस्टर आणि थर्माकोलमधून तू असे खांब उभे करायचास की लोक हात लावून बघायचे. ते कामही त्या सुताराच्या गळ्यात घालून मोकळा. भावांच्या वाटणीच्या जमिनीवर ठाकुर्लीत चार-चार मजले चढले. तू तुझ्या वाटणीवर पत्र्याची शेड घातलीस, का, तर तालमींना जागा नाही. शेडमध्ये उन्हाळ्यात आपण भाजून निघायचो, आणि तू म्हणायचास, हवा कशी मोकळी आहे नाही.

मी बोललो की तुझं उत्तर ठरलेलं. "मास्तर, पुरं झालेलं देऊन काय उपयोग? घेणाऱ्याला करायला काय राहत नाय. अर्धं दिलं की तो आपलं म्हणून करतो." यावर मला कधी काही सुचलं नाही. आता बसून सुचतंय आणि ऐकायला तू नाहीस, हा तुझा नेहमीचा चावटपणा.

स्वतःचं दिलंस तोपर्यंत ठीक होतं. तुझं उदारपण माझ्या वस्तूंपर्यंत यायचं, त्याने माझं टाळकं फिरायचं. माझा रेनकोट तू एका पोस्टमनला दिलास. दोन पावसाळे मला माझाच रेनकोट रोज समोरून येताना दिसायचा आणि वर तो पोस्टमन मलाच हात करायचा. मी तुला झापलं तर म्हणालास, "अरे, पण त्याला किती फिट बसलाय." मीही शेवटी हसलेलो. तुझ्यावर राग धरून ठेवणं म्हणजे ओल्या साबणाची वडी धरणं. एकदाच धरता आला. त्याचंच सांगतोय.

माझं एक नाटक होतं. तुला ते माहीत आहे, पण त्यातलं निम्मंच माहीत आहे. दुसऱ्यांची नाटकं टाइप करता करता मला वाटलं, आपणही लिहावं. बहीण लग्न होऊन गेल्यावर क्लासच्या मागच्या खोलीत मी एकटाच. संध्याकाळची शेवटची बॅच गेली की तासभर बसायचो. पान लिहायचो, फाडायचो. सहा-सात वर्षं गेली त्यात. एक माणूस, मिठागरात वाढलेला, सतरा धंदे केलेला, प्रत्येक धंदा दुसऱ्याच्या हातात ठेवून चालू पडणारा. शेवटी त्याच्याकडे काही उरत नाही आणि तो ते सगळं बघत ओट्यावर मजेत बसलेला असतो. मला त्या माणसाचा राग यायचा आणि त्याच्यावाचून करमायचं नाही. ते मी तुझ्यासाठी लिहिलेलं. दुसऱ्या कोणी ते करावं असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दिवाळीनंतर तुला वाचायला दिलं. दोन दिवसांनी, चार ते पाचच्या मधल्या सुट्टीत, नेहमीसारखा चहाला आलास. डोळे चमकत होते. म्हणालास, "मास्तर, काय माणूस लिहिलायस. कुठे भेटला तुला?"

मी बघतच राहिलो. मला वाटलं मस्करी करतोयस. नव्हतास करत. तुला खरंच ओळखू आला नाही तो. मी म्हटलं, "भेटला असाच." अरे, तेव्हा बोलायला काय धाड भरलेली मला? दोन शब्द होते. "तूच तो." दुसऱ्यांना शब्द देण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या वेळी तोंड शिवलेलं. मला वाटलं, आज ना उद्या तू स्वतःच म्हणशील, हे मी करतो. मी वाट बघत राहिलो. दोन महिने बघितली.

आणि जानेवारीत, ठाण्याला, प्रयोगाला तास राहिलेला, मेकअपच्या खोलीत तू आरशासमोर बसलेलास, केसांना पांढरा रंग लावून घेत होतास. आरशातूनच मला म्हणालास, "एक काम केलंय, खूश होशील. कल्याणची पोरं आहेत ना कॉलेजची, त्यांच्याकडे स्पर्धेला संहिताच नव्हती. तुझं नाटक देऊन टाकलं. बसवतायत. तुझं नाव होईल बघ." तुझा चेहरा असा फुललेला. रेनकोट दिल्यासारखा.

मी म्हटलं, "बरं केलंस."

एवढंच म्हटलं आणि स्टुलावर जाऊन बसलो. पहिला अंक कसा गेला मला आठवत नाही. दुसऱ्या अंकात ती मुलगी दारात आली. तू वळलास. थांबलास. पहिले तीन सेकंद मी बघितलंच नाही, तिथे तू नेहमी तीन-चार मोजून थांबायचास. मग नजर वर केली. तुझा अंगठा हलत होता.

बाळाराम, मला कळलेलं. चौथ्या सेकंदाला कळलेलं की हा पॉज नाही. बोट ओळीखाली होतं. "तुझी आई" एवढे दोन शब्द द्यायचे होते. जिभेवर आलेले. तू विंगेकडे बघितलंस. सरळ माझ्याकडे. आणि मी तोंड मिटून घेतलं. मनात म्हटलं, राहा आता उभा. सगळं देऊन टाकतोस ना, बघ जरा, मागून मिळत नाही तेव्हा कसं वाटतं. पाच, सहा, सात. मी मोजत होतो, समजलं? मोजत होतो. आठव्याला मी घाबरलो, पण तरी दिला नाही. अकराव्याला तुझं तुला सापडलं.

पडदा पडला आणि लोक आत घुसले. काय पॉज घेतलात, काय पॉज घेतलात. त्या गर्दीतून तू माझ्यापाशी आलास. घाम फुटलेला, मेकअप ओघळलेला. हळूच म्हणालास, "मास्तर, दिला का नाहीस?" मी म्हटलं, "मला वाटलं पॉज आहे." तू क्षणभर बघितलंस माझ्याकडे. मग हसलास. "मग पॉजच म्हणू या," म्हणालास आणि गर्दीत परत गेलास. हे माझं पहिलं खोटं.

दुसरं मोठं आहे. मार्चमध्ये तुला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी कुसुमवहिनींना विचारलं, याआधी असं काही झालेलं का, बोलता बोलता अडकणं, शब्द न आठवणं, काही क्षण कोरं होणं? वहिनी म्हणाल्या, नाही हो, त्यांना अख्खी नाटकं पाठ. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं. मी तिथे उभा होतो. जगात मला एकट्याला माहीत होतं की चौदा वर्षांत कधी तीन सेकंदांच्या वर न विसरलेला माणूस जानेवारीत अकरा सेकंद कोरा झालेला. तुला माहीत होतं, पण तुला बोलता येत नव्हतं. आणि मी गप्प राहिलो. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तेव्हाच का नाही बोललात? त्या प्रश्नाला मी भ्यालो.

मार्चमध्ये डॉक्टरांना सांगून काही बदललं नसतं, हे मला कळतं. पण जानेवारीत, त्या घामेजलेल्या चेहऱ्याला मी म्हटलं असतं की अरे, हे बरोबर नाही, तू विसरलास, चल उद्या कोणाला तरी दाखवू, तर? दाखवलं असतंस का नसतंस, गोळ्या दिल्या असत्या का नसत्या, मला काय ठाऊक. कोणीच सांगू शकत नाही. म्हणून तर ते डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी तुझ्याकडे आलो नाही. सहा महिने. वहिनींना निरोप पाठवायचो, परीक्षेच्या बॅचेस आहेत, कंबर धरलीय, काहीबाही. कसल्या बॅचेस? पंधरा मशिनांवर चार मुलं बसतात आता, बाकीची सगळी समोरच्या कॉम्प्युटर क्लासला. चार ते पाचची सुट्टी मी एकटा घालवायचो. चहा करायचो आणि अर्धा ओतून द्यायचो. मला वाटायचं, तू माझ्याकडे बघशील आणि तुला सगळं कळेल. आणि तुला काही माहीत नाही, तू मला अजून चांगला मित्र समजतोयस, याचाच आधार होता. तो घालवायची माझी तयारी नव्हती. गणपती गेले आणि चार दिवसांनी निरोप आला की तू गेलास. खांदा दिला मी तुला. सगळ्यांसमोर.

शोकसभेनंतर झोप लागेना, म्हणून काल दुपारी ठाकुर्लीला गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. मी खाली पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं. नाटकाचं, अंगठ्याचं, अकरा सेकंदांचं, डॉक्टरांचं. मान वर न करता बोललो. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. खडे काढत राहिल्या.

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्यांनी सांगितलेला. मे म्हयन्यात, जरा बोलाला लागले तवा. एकेक शब्द काडून. बोलले, शब्द त्याचे तोंडात होता. मी बगितला. त्यानी दिला नाय."

मी विचारलं, रागावला असेल ना?

"रागावले तर. दोन दिस धड जेवले नाय. मंग बोलले, मीच कायतरी केला आसल, त्याबिगर मास्तर आसा करणार नाय. काय केला, ता मना इचाराचा हाय त्याला." वहिनींनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "रोज चार वाजले का मना दोन कप चा ठेवाला लावाचे. चार ते पाच तुमची सुट्टी ना. एक त्यांचा, एक तुमचा. तुमचा मी नंतर पिवाची."

"मला बोलवलं का नाहीत?"

"मी बोलली, निरोप धाडते. नको बोलले. बोलवला तर तो माफी मागाला येल. तसा नको. त्याचा तो आला पायजे." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्यात माया नव्हती, उगाच कशाला खोटं सांगू. "तुमी आलं नाय."

मी उठलो. त्यांनी थांबा म्हटलं नाही.

म्हणजे तू मला विचारणार होतास, बाळाराम, की तुझं काय चुकलं. चुकलं माझं आणि कारण शोधत बसलास तू. अर्ध्या तोंडाने, एकेक शब्द जुळवून, तू तो प्रश्न तयार करून ठेवलेलास. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. फार मोठं नव्हतं. तू माणूस ओळखला नाहीस, एवढंच. तू हसला असतास. "मी होतो होय तो?" म्हणाला असतास, आणि मग कल्याणच्या पोरांकडून नाटक परत आणायला निघाला असतास, काठी टेकत, लंगडत. मी तुला जाऊ दिलं नसतं. त्यावरून पुन्हा भांडलो असतो.

वहिनींना सगळं सांगितलं असं मी म्हटलं, पण एक नाही सांगितलं. त्यांच्या त्या वाक्यानंतर तोंडच उघडेना.

मी आलेलो. दोनदा. एकदा जूनमध्ये, एकदा नारळी पौर्णिमेच्या आसपास. दोन्ही वेळा चालत, डोंबिवलीहून रुळांच्या कडेकडेने. रेल्वेच्या फाटकापर्यंत पोचलो आणि पाय उचलेनात. तिथून तुझा ओटा दिसतो. तू खुर्चीत बसलेलास, रस्त्याकडे तोंड करून, चांगला शर्ट घालून. शेजारच्या स्टुलावर काहीतरी ठेवलेलं, लांबून नीट दिसत नव्हतं. दोन्ही वेळा साधारण सव्वाचार झाले असतील. मला वाटलं, हवा खात बसलायस. कशाला त्रास द्या, म्हटलं, आणि मागे फिरलो.